सोनेरी केसांचं भाडं

जालना-भोकरदन रस्त्यावर केदारखेड्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, जे येईल ते. कामाच्या मधोमध कुठली ना कुठली साइट बसतेच. ती उठेपर्यंत गिऱ्हाईक बाकावर आणि मी कॉम्प्युटरसमोर, दोघंही रिकामे. त्या रिकाम्या वेळात मी 'सुपर ड्रॅगन बॉल हीरोज : वर्ल्ड मिशन' खेळतो. चाळिशीकडं झुकलेला माणूस भर दुकानात उभ्या केसांची कार्टूनं लढवतो, याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं. आता कुणी विचारत नाही. उलट दोन-तीन पोरं साइट बसायची वाट बघत असतात.

खेळ मूळचा जपानी, नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा. अकिरा तोरियामांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा १९८४ ते १९९५ अशी दहाहून जास्त वर्षं चालली. तिच्यावरून निघालेली कार्टून मालिका आमच्या पिढीनं कार्टून नेटवर्कवर पाहिली. बांदाई कंपनीनं नोव्हेंबर २०१० मध्ये 'ड्रॅगन बॉल हीरोज' हे यंत्र जपानात आणलं, २०१६ मध्ये त्याच्या नावामागं 'सुपर' लागलं. शंभर येन टाकायचे, एक पत्ता बाहेर यायचा. जमवलेले पत्ते यंत्राच्या सपाट पाटावर मांडायचे आणि हातानं पुढं-मागं सरकवायचे. पडद्यावरची पात्रं त्याप्रमाणे हलायची. केदारखेड्यात बसून त्या यंत्राला हात लागणं शक्यच नव्हतं. एप्रिल २०१९ मध्ये त्याची घरी खेळायची आवृत्ती निनटेंडो स्विचवर आणि कॉम्प्युटरवर आली, तेव्हा आमची सोय झाली.

यात नायक गोकू, त्याचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा वगैरे मंडळी आहेतच, शिवाय तुमचं स्वतःचं एक पात्र असतं. त्याचं कूळ तुम्ही ठरवायचं: सायन, नामेकवासी, खलनायक फ्रीझाच्या कुळातला, माजिन, असे बरेच. मग त्याचा प्रकार: हीरो, इलीट किंवा बर्सर्कर. पात्र लढत जातं तशी लेव्हल वाढते, लेव्हल भरली की क्लास वर जातो, आणि क्लासबरोबर रूप पालटतं. काळ्या केसांचा सायन पोरगा सोनेरी केसांचा सुपर सायन होतो, पुढं कमरेखाली लोंबणाऱ्या केसांचा सुपर सायन ३, आणि वाट 'गॉड' क्लासपर्यंत जाते. या बढतीची आणि या रूपांतराची चटक लागते म्हणून लोक खेळत राहतात. मलाही लागली. त्यातून जे पदरात पडलं ते सांगतो.

१. चिलखत यंत्रात राहतं

बढती आणि बदलतं रूप मी पहिल्यांदा पाहिलं ते ड्रॅगन बॉलमध्ये नाही. शाळेत असताना बाजाराला भोकरदनला गेलं की व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचं. शटर अर्धं ओढलेलं, आत अंधार, लाकडी खोक्यांत टीव्ही बसवलेले आणि एक रुपयाला एक डाव. सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'वर. तिचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉम कंपनीची, १९९३ सालची. पण त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून अख्खी गेमच मुस्तफा. भारतभर हेच नाव चाललं म्हणतात.

माझं मन मात्र कोपऱ्यातल्या 'नाइट्स ऑफ द राउंड'वर होतं. तीही कॅपकॉमची, १९९१ ची. आर्थर, लान्सलॉट आणि पर्सिव्हल असे तीन सरदार. गुण वाढले की लेव्हल वाढायची आणि लेव्हलबरोबर अंगावरचं चिलखत बदलायचं. साध्या कपड्यात निघालेला गडी अर्ध्या वाटेवर लोखंडानं मढलेला असायचा. मागं उभी असलेली पोरं चिलखत बघूनच खेळणाऱ्याची लायकी ठरवायची. कुणाच्या सरदाराला भारी चिलखत चढलं की बाकीची खोकी ओस पडायची.

रुपया संपला की सगळं गेलं. पुढच्या बाजाराला सरदार परत साध्या कपड्यात हजर. जपानी यंत्रानं हा प्रश्न सोडवला तो 'हीरो लायसन्स' नावाच्या चिपच्या कार्डानं. तुमच्या पात्राची लेव्हल, क्लास, सगळं त्या कार्डात साठायचं. दुसऱ्या गावच्या यंत्रावर कार्ड ठेवलं की तुमचा गडी जिथं होता तिथून उभा राहायचा. मला ही सोय मोठी वाटते. तरी भोकरदनच्या त्या खोक्यानं दर वेळी साध्या कपड्यातून सुरुवात करायला लावली, त्यामुळं पहिल्या टप्प्यातला प्रत्येक शत्रू कुठून येतो हे आमच्या हातांना पाठ झालं होतं. आता माझा भाचा वरच्या क्लासचं तयार पात्र घेऊन बसतो आणि खालच्या लढाईत गोंधळतो.

२. ढकलपास नाही

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला एकाच वर्गात परत बसवायचं नाही असं ठरलं. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पुढं आपल्या राज्यात पाचवी-आठवीला परत परीक्षेची गाळणी आली. त्यावर इथं वाद घालत नाही, मास्तर मंडळी रोज दुकानात घालतात. खेळात मात्र ढकलपास नाही. लेव्हल भरल्याशिवाय क्लास नाही, आणि लेव्हल भरते ती बहुतेक रटाळ लढायांनी. त्याच शत्रूला परत हरवायचं, तोच डाव परत मांडायचा. ज्याला हे नको, त्यानं हा खेळ घेऊ नये. एवढंच.

३. रूप मिळवणं सोपं, त्याचं भाडं भरणं अवघड

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

या खेळात तुमच्या टोळीत सात पत्ते असतात. पाटाच्या पुढच्या भागात ठेवलेले लढतात, मागच्या भागातले मदत करतात. जितकं पुढं सरकवाल तितकी ताकद वाढते, आणि तितकाच दम खर्च होतो. मागं ठेवलेल्याचा दम भरून येतो. दम शून्यावर गेला की पात्राला भोवळ येते आणि ते नुसतं मार खायला उभं राहतं. नवा खेळाडू काय करतो? ज्यांची रूपं सगळ्यात झगझगीत, त्या तिघा-चौघांना पहिल्याच फेरीत अगदी पुढच्या ओळीत नेऊन ठेवतो. पहिली फेरी दणक्यात जिंकतो. दुसऱ्या फेरीत त्याचे हिरे भोवळ येऊन पडलेले असतात आणि समोरचा शांतपणे एकेक करून मोजून घेतो. दुकानात बसणाऱ्या प्रत्येक पोरानं हे केलंय.

यंत्र बनवणाऱ्यांनी ही गोष्ट मनानं रचलेली नाही, ती मूळ कथेतच आहे. गोकूचं एक मोठं अस्त्र कायोकेन. ताकद दुप्पट, तिप्पट, चौपट करता येते, पण ती वाढ शरीराकडून वसूल होते. व्हेजिटाशी पहिल्या लढाईत तो तिप्पट आणि मग चौपटीवर गेला. त्यानंतर याजिरोबी या सोबत्यानं शाबासकीसाठी नुसता हात लावला तर गडी किंचाळला. लहानपणी आम्ही त्या किंचाळण्यावर हसायचो. आता पाहिलं की कापूस वेचून आलेल्या माणसाच्या पाठीवर कुणी थाप मारली तर तो कसा कळवळतो, ते डोळ्यापुढं येतं.

मग सुपर सायन ३. गोकू तेव्हा मेलेला असतो आणि एका दिवसाच्या रजेवर पृथ्वीवर आलेला असतो. माजिन बू या राक्षसासमोर तो ते लांब केसांचं रूप घेतो, आणि त्या रूपाला इतकी ताकद लागते की त्याच्या रजेतलेच तास कापले जातात. रूप घेतलं ते थोडा वेळ मिळवायला, आणि किंमत दिली वेळेतच. कथा लिहिणाऱ्याची ही खोड मला फार आवडते.

सगळ्यात शहाणं उदाहरण ट्रंक्स या तरुण योद्ध्याचं. सेल या खलनायकाशी लढताना तो स्नायू फुगवून एक अवाढव्य रूप घेतो. ताकद सेलपेक्षा जास्त, पण एकही ठोसा लागत नाही, कारण अंग जड झालंय आणि वेग गेलाय. सेल स्वतःही तसंच फुगून दाखवतो आणि सांगतो की हे मलाही जमतं, पण याचा उपयोग नाही. गोकू हे स्वतःच ओळखतो. तो मुलाला, गोहानला, घेऊन त्या खोलीत जातो जिथलं एक वर्ष म्हणजे बाहेरचा एक दिवस. आत तो फुगलेल्या रूपामागं लागत नाही. जे साधं सुपर सायन रूप आहे तेच चोवीस तास अंगावर ठेवायचं, खाता-झोपताना सुद्धा, इतकं की ते वेगळं वाटेनासं व्हावं, असं तो ठरवतो. बाहेर आल्यावर बापलेक सोनेरी केसांनीच ताटावर बसतात आणि गोहानची आई पोरगं वाया गेलं म्हणून रडते. केस रंगवून आलेल्या पोराच्या आईनं केदारखेड्यात यापेक्षा वेगळं काही केलं असतं असं नाही.

फ्रीझाचं उलट. २०१५ च्या चित्रपटात तो चार महिने सराव करून सोनेरी रूप मिळवतो आणि मिळाल्या मिळाल्या गोकूला गाठायला निघतो. रूप मुरायच्या आत लढायला आला, म्हणून थोड्या वेळात दम उतरायला लागतो. मी माझ्या टोळीत सोनेरी फ्रीझाचा पत्ता ठेवतो, पण पहिल्या फेरीला त्याला मागच्या भागातच बसवतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला समोरच्याचा दम निम्म्यावर आला की मग पुढं. भाचा म्हणतो, "मामा, एवढं भारी कार्ड मागं काहून ठेवता?" दोन फेऱ्या थांब म्हणतो त्याला.

४. पाच मिनिटांत काही होत नाही

नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं फ्रीझा सांगतो, आणि ती पाच मिनिटं कितीतरी भाग चालतात. आमच्या लहानपणी लोडशेडिंग असं होतं की गोकू ओरडायला लागला की वीज जायची. केस सोनेरी झाले की नाही हे दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचं, तेही ज्याच्या वाडीत लाईट होती त्याच्याकडून. त्यामुळं आमच्या डोक्यात रूपांतर म्हणजे ओरडणं एवढंच बसलं होतं. निकाल बघायला मिळायचाच नाही.

५. जन्मानं ठरलेला वर्ग आणि क्रिलिन

सायन लोकांत मूल जन्मलं की त्याची ताकद मोजतात. जास्त असेल तर इलीट, राजपुत्र व्हेजिटाच्या पंगतीत. कमी असेल तर खालच्या वर्गाचा योद्धा, त्याला दूरच्या ग्रहावर धाडून द्यायचं. गोकू असा धाडलेला. दोघं समोरासमोर आल्यावर गोकू त्याला सुनावतो की खालच्या वर्गातला माणूसही खपला तर इलीटाच्या पुढं जाईल. आपल्याकडं जन्मावरून वर्ग म्हटलं की कान उभे राहतात, आणि राहावेतच. मला ही मालिका पोरपणी आवडली त्यात या एका वाक्याचा वाटा मोठा होता. व्हेजिटाला ते सहन होत नाही आणि पुढं सगळी मालिका तो त्याच आगीत जळतो. तो सुपर सायन होतो तेही स्वतःवरच्या चिडीतून.

खेळात 'इलीट' हा नुसता एक प्रकार आहे, हीरो आणि बर्सर्करच्या शेजारचा. हीरोचा क्लास कितीही वर गेला तरी तो हीरोच राहतो. इलीट म्हणजे वरचा असं काही नाही, लढायची तऱ्हा वेगळी. भाच्याला हे पटवायला वेळ लागला, कारण त्याच्या ओळखीचा इलीट हा 'फ्री फायर'च्या इलीट पासातला, पैसे मोजून घ्यायचा. २०२२ च्या फेब्रुवारीत ती गेम भारतात बंद झाली तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस सुतक होतं.

पण इथं मला मालिकेशी भांडायचंय. जन्माचा वर्ग मोडायची गोष्ट सांगता सांगता ती स्वतःच जन्मावर येऊन बसते. पुढं पुढं सोनेरी, लाल, निळी रूपं मुख्यतः सायन रक्ताला. यामचा, तेनशिनहान, क्रिलिन ही साधी माणसं मागं पडत पडत प्रेक्षकांत जाऊन बसतात. आणि यातल्या क्रिलिनचं बघा. फ्रीझा त्याला डोळ्यांदेखत मारतो, त्या संतापात गोकू पहिल्यांदा सुपर सायन होतो. ज्याच्या मरणावर ते पहिलं सोनेरी रूप उभं राहिलं, त्या क्रिलिनला स्वतःला असं रूप कधी मिळालं नाही. तो परत जिवंत होतो, लग्न करतो, पोलिसात नोकरी धरतो, मुलगी वाढवतो.

म्हणून माझ्या टोळीत क्रिलिनचा पत्ता असतो. तो मारा करत नाही. मागच्या भागात बसतो आणि तिथल्यांचं जे काम तेच करतो. त्याच्या जागी आणखी एक सोनेरी केसवाला घालता येईल, भाचा रोज सांगतो. नाही घालत. यात हिशोबापेक्षा माझा हट्ट जास्त आहे, हे मान्य.

६. शेवटचं रूप सगळ्यात साधं

फ्रीझाची पहिली तीन रूपं आठवा. शिंगं, मग राक्षसी उंची, मग लांबट कवटी आणि पाठीवर काटे. लोकांना वाटलं चौथं याहून भयानक असणार. आलं ते गुळगुळीत, बुटकं, बिनशिंगाचं. बूचंही तसंच, शेवटचा बू पोरासारखा दिसतो. तोरियामांची ही रीत होती: ताकद वाढली की रेघा कमी.

आणि सोनेरी केसांमागचं कारण तर आणखी जमिनीवरचं. चित्रकथा काळ्या-पांढऱ्यात छापली जायची. गोकूचे केस काळे, म्हणजे प्रत्येक चौकटीत मदतनिसानं बसून शाई भरायची. तोरियामांनी नंतर सांगितलं की त्या भरणीत फार वेळ जायचा. केस सोनेरी ठरवले की कागद कोरा सोडता येतो. डोळ्यांतली ती रोखलेली नजर त्यांनी ब्रूस लीवरून घेतली. जगभरच्या पोरांनी ज्या रूपासाठी आरशासमोर ओरडून घसे बसवले, त्यात आठवड्याच्या आठवड्याला चित्रं पुरवणाऱ्या माणसाची शाईची बचत होती. मला यानं त्या रूपाची किंमत कमी झाल्यासारखी वाटत नाही. रात्री दीड वाजता अर्ज भरताना मीही कॉपी-पेस्ट वापरतोच.

खेळातले क्लास त्या साधेपणाच्या उलट जातात, हे मला खटकतं. वरच्या क्लासला केस वाढतात, कपडे भरजरी होतात, मागून उजेड येतो. यंत्रावर पैसे टाकणाऱ्या पोराला साधेपणा विकता येत नाही, हे समजू शकतो.

७. रायरंदाचं लॅमिनेशन

सुगी आटोपली की आमच्या भागात बहुरूपी येतात. आम्ही रायरंद म्हणतो. कुणी पोलीस होऊन शिट्टी वाजवतो आणि तुमच्यावर वॉरंट आहे म्हणून दटावतो, कुणी महादेव, कुणी मारुती. पिढ्यान्‌पिढ्या रूप पालटून पोट भरणारी ही माणसं. त्यांच्यापुढं माझ्या पडद्यावरची मंडळी पोरकटच.

एका हंगामात असाच एक रायरंद, अंगात खाकी आणि कमरेला खोटं पिस्तूल, दुकानात आला. मला वाटलं वॉरंट काढणार. त्यानं पिशवीतून आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि गावच्या सरपंचाच्या सहीचं एक पत्र काढलं. सगळं लॅमिनेट करून पाहिजे. पुठ्ठ्याला भोक पाडून दोरी पण. म्हटलं, पोलिसाच्या गळ्यात आधार कशाला? तो म्हणाला, "साहेब, आता आधी हे दाखवावं लागतं, मग शिट्टी."

कारण मला ठाऊक होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं होतं. भिक्षा मागत हिंडणारी माणसं ती, पाठीमागं होती फोनवरून फिरलेली अफवा. ते बहुरूपी नव्हते, पण गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या सगळ्यांनीच त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. लॅमिनेशनचा गरम कागद यंत्रातून बाहेर येईपर्यंत तो माझा पडदा बघत होता. सुपर सायन झालेलं माझं पात्र लढाई संपल्यावर परत काळ्या केसांचं झालं. "हे बरंय," तो म्हणाला, "याला परत माणूस होताना कुणी कागद मागत नाही." मी त्याला हीरो लायसन्सचं सांगितलं नाही.

८. जोडी

दोघांचं मिळून एक होण्याच्या दोन तऱ्हा. नाच करून, बोटांना बोटं जुळवून झालेली जोडी अर्धा तास टिकते, आणि बोट जरा वाकडं लागलं तर ढेरपोट्या तयार होतो, १९९५ च्या चित्रपटात आहे. कानातल्या कुडीनं झालेली एक तास. पण झामासू या खलनायकाशी लढताना ती तासाच्याही आधी सुटते, कारण ताकद जास्त खर्च झाली. भाडं इथंही आहेच. खेळात जोडी करायला दोन पत्ते मोडतात. टोळीत सातच जागा असताना मला ते परवडत नाही.

९. बटण दाबायची वेळ

लढाईत दोघांच्या टक्करीला एक पट्टी भरत जाते, ती भरलेली असताना नेमकं बटण दाबायचं. ज्याची पट्टी जास्त भरली त्याचा जोर लागतो. क्लास, रूप, दुर्मीळ पत्ता, यातलं काहीही असलं तरी इथं बोटच चालतं. माझ्या दुकानात एक इन्व्हर्टर आहे. वीज जाऊन तो लागतो त्या क्षणी पडदा डोळा मिचकावल्यासारखा हलतो आणि नेमकी तेव्हाच पट्टी निसटते. भाच्यानं यावर उपाय काढलाय. तो पट्टीकडं बघतच नाही, आवाजावर दाबतो. जपानीशिवाय काही बोलत नाहीत ती पात्रं, आणि त्याला जपानी येत नाही, पण कुठल्या हुंकारावर बोट खाली न्यायचं ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. यात माझ्या लेव्हलचा काही उपयोग होत नाही.

१०. पत्ता विकत घेता येतो

यंत्रातून कुठला पत्ता निघेल हे नशिबावर. साधे, दुर्मीळ, अति दुर्मीळ अशा उतरंडी लावलेल्या. हवा तो मिळेपर्यंत पोरं शंभराचं नाणं टाकत राहायची, आणि ज्यांच्याकडं पैसा होता ते जुन्या पत्त्यांच्या दुकानातून थेट तोच पत्ता उचलायचे. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत खेळून मिळालेल्या तिकिटांवरच पत्ते निघतात, हे मला तिचं सगळ्यात मोठं पुण्य वाटतं. फोनवरच्या खेळांत असं नसतं. तिथं तोच नशिबाचा डबा, पण खाली यूपीआयचं बटण. गल्लीतल्या एका पोरानं बापाच्या खात्यातून, कापसाच्या पट्टीचे आलेले पैसे, असेच डब्यात घातले. बाप माझ्याकडं पासबुकाची प्रिंट काढायला आला होता. कुठल्या खेळाच्या नावावर गेले ते मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, यात मिळालं काय? एक पत्ता मिळाला असावा, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

१ मार्च २०२४ ला तोरियामा गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानात 'ड्रॅगन बॉल सुपर डायव्हर्स' हे नवं यंत्र आलं आणि हीरोजचा जमाना मागं पडला. भाचा विचारत असतो, ते नवीन कॉम्प्युटरवर कधी येणार. आलं की बघू म्हणतो. तोवर त्याचा नामेकवासी बर्सर्कर अजून वरच्या क्लासला पोचायचाय आणि शाळेची चाचणी सोमवारी आहे. ताईनं त्याच्या हातातल्या फोनमधून पैसे भरायचं अ‍ॅप काढून टाकायला लावलं. मीच काढून दिलं, दहा रुपये न घेता.